‘युद्ध नको’ म्हणणाऱ्यांचे पुढे काय झाले? हान दरबारातील दीड शतक

इ.स.पूर्व २०० चा हिवाळा. चीनमधील हान घराण्याचा संस्थापक सम्राट ल्यू बांग मोठे सैन्य घेऊन उत्तर सीमेवर उतरला होता. त्याचा एक मांडलिक राजा मायी हे सीमेवरील शहर घेऊन शत्रूला जाऊन मिळाला होता, आणि हा शत्रू साधा नव्हता. गवताळ प्रदेशातील अनेक घोडेस्वार टोळ्यांना एका छत्राखाली आणणारे श्योंगनू आणि त्यांचा राजा मोदू यांच्याशी ही गाठ होती.

पुढे चालून जावे की थांबावे, हे ठरवण्यासाठी सम्राटाने श्योंगनूंच्या तळाकडे एकामागून एक दूत पाठवले. दहा वेळा दूत गेले आणि दहाही वेळा एकच निरोप घेऊन परतले: तळावर म्हातारी माणसे आहेत, जनावरांच्या बरगड्या दिसत आहेत, हल्ला करायला हरकत नाही. अकराव्या खेपेस लोउ जिंग नावाचा अधिकारी गेला. त्यानेही तेच पाहिले, पण निष्कर्ष उलटा काढला. दोन राज्ये एकमेकांवर उठतात तेव्हा प्रत्येक जण आपले बळ मिरवतो. येथे मात्र दुबळेपणाच तेवढा मांडून ठेवलेला आहे, तेव्हा खरे सैन्य कुठेतरी दडवलेले असणार, असे त्याने सांगितले.

सैन्य तोवर खिंड ओलांडून पुढे गेले होते. सम्राट संतापला. तोंडाच्या जोरावर पद मिळवलेला हा माणूस आता सैन्याचा धीर खचवतो आहे, असा ठपका ठेवून त्याने लोउ जिंगला बेड्या घातल्या आणि ग्वांगवू येथे कैदेत टाकले.

पुढे बायदेंगच्या टेकडीवर श्योंगनूंच्या घोडदळाने सम्राटाला सात दिवस वेढून ठेवले. हान सैन्य ३,२०,००० आणि श्योंगनूंचे घोडेस्वार ४,००,००० असे आकडे इतिहासग्रंथांत आहेत. बखरींतील लाखांच्या फौजांची सवय असलेल्या मराठी वाचकाने ते तितक्याच सावधपणे घ्यावेत. छेन पिंग या मंत्र्याच्या युक्तीने मोदूच्या राणीला भेटी पोहोचवण्यात आल्या आणि वेढा सैल झाला, असे परंपरा सांगते. सुटका होताच सम्राट ग्वांगवूला परतला. त्याने लोउ जिंगच्या बेड्या काढल्या, त्याला २,००० कुटुंबांच्या महसुलाची जहागीर दिली आणि ‘हल्ला करा’ असे सांगणाऱ्या आधीच्या दूतांची मस्तके उडवली.

चीनचे युद्धशास्त्र म्हटले की आज सर्वांना सुनत्झूचा ग्रंथ आठवतो. युद्धापूर्वी पूर्वजांच्या मंदिरात बसून दोन्ही पक्षांच्या बळाचे गणित मांडावे, ही त्यातील कल्पना प्रसिद्धच आहे. प्रत्यक्षात मात्र ते गणित मांडणारी माणसे असत, आणि त्या माणसांना आपल्या मस्तकाचीही चिंता असे. म्हणूनच हान दरबाराने युद्धाचे निर्णय कसे घेतले हे समजून घेताना, ‘नको’ म्हणणाऱ्याचे काय झाले हा प्रश्न ग्रंथांतील सूत्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

त्याआधी हजार वर्षे मागे जायला हवे. इ.स.पूर्व तेराव्या शतकात शांग घराण्याचा राजा वू दिंग युद्धाचा प्रश्न माणसांइतकाच पूर्वजांना आणि देवतांनाही विचारत असे. बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाच्या पोटाकडील कवच घ्यायचे, मागून खाचा करून तापवायचे, आणि पडणाऱ्या तड्यांवरून उत्तर वाचायचे. प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. आनयांगजवळ अशी हजारो हाडे सापडली आहेत. राजाने अमुक सेनापतीबरोबर अमुक टोळीवर जावे काय, फू हाओ या राणीने सैन्य उभारावे काय, असे प्रश्न त्यांवर आहेत. एका हाडावर तर १३,००० माणसांच्या फौजेचा उल्लेख आहे. लक्ष वेधते ते प्रश्नांचे रूप. पुष्कळदा ते जोडीने येतात: जावे, जाऊ नये. ‘नाही’ ही बाजूही त्याच हाडावर, त्याच अक्षरांत कोरली जाई. आणि कासवाच्या कवचाला नकारासाठी कोणी शिक्षा करत नसे.

हान काळात भविष्य विचारणे थांबले नाही, पण निर्णयाचे मुख्य स्थान दरबारात आले. सम्राट एखादा प्रश्न महामंत्री, महानिरीक्षक, इतर मंत्री, सेनापती आणि दरबारी पंडित यांच्यापुढे ठेवी. ते वाद घालत, लेखी निवेदने देत; बहुमत कुठे आहे हे सम्राटाला कळे. ते मानायचे की नाही, हे अर्थातच त्याच्या मर्जीवर असे. मतभेद नोंदवण्याची ही पद्धत पुढच्या कित्येक घराण्यांत टिकली, आणि आज आपल्याला हरलेल्या बाजूचे युक्तिवादही वाचता येतात ते तिच्यामुळेच.

बायदेंगनंतर लोउ जिंगच्याच सल्ल्याने श्योंगनूंशी सोयरीक करण्याचे धोरण आले. राजघराण्यातील म्हणून एखादी मुलगी मोदूला द्यायची, सोबत दरवर्षी रेशीम, धान्य आणि मद्य पाठवायचे. अपमानाचा घोट होता, पण युद्धापेक्षा स्वस्त होता. इ.स.पूर्व १९२ मध्ये या धोरणाची कसोटी लागली. ल्यू बांग वारला होता आणि सत्ता त्याची विधवा सम्राज्ञी ल्यू हिच्या हाती होती. मोदूने तिला पत्र पाठवले: आपण दोघेही एकटे, तेव्हा एकत्र का येऊ नये, अशा आशयाचे. दरबार पेटून उठला. सम्राज्ञीचा मेहुणा आणि नावाजलेला सेनापती फान ख्वाइ याने १,००,००० सैन्य मागितले. त्याच्या बळावर श्योंगनूंना आडवेतिडवे तुडवून येतो, असे तो म्हणाला. इतरांनी माना डोलावल्या.

तेव्हा जी बू उठला. फान ख्वाइचा शिरच्छेद करायला हवा, असे त्याने सरळ सांगितले. खुद्द दिवंगत सम्राट तीन लाखांहून अधिक फौज घेऊन अडकला तेव्हा फान ख्वाइही तिथेच होता. आता हाच माणूस एका लाखात काय करणार? सम्राज्ञीच्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल भर दरबारात असे बोलले गेल्यावर सभागृहातील सर्वांचा श्वास अडकला. सम्राज्ञीने सभा संपवली आणि श्योंगनूंवरील स्वारीचा विषय पुन्हा काढला नाही. आपण म्हाताऱ्या झालो, केस आणि दात गळाले, असे नम्र उत्तर तिने पाठवले. सोबत दोन रथ आणि त्यांचे घोडे. जी बूला काहीही झाले नाही. संतापाच्या भरात युद्ध पुकारणे सोपे होते, आणि या सम्राज्ञीच्या क्रौर्याच्या कथा पाहता तिच्याकडून अशा संयमाची अपेक्षा कोणी केली नसती.

साठ वर्षांनी चित्र पालटले. सम्राट वू गादीवर होता, विशीत होता, आणि कोठारे भरलेली होती. इ.स.पूर्व १३५ मध्ये श्योंगनूंनी सोयरीक पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. परराज्यांच्या पाहुण्यांचा कारभार पाहणारा मंत्री वांग ह्वे मूळचा सीमाभागातला. श्योंगनू वचने मोडतात, तेव्हा मागणी फेटाळून हल्ला करावा, असे त्याचे मत होते. महानिरीक्षक हान आनग्वो शांततेच्या बाजूने होता: हजार कोसांवर जाऊन लढायचे, तर माणसे आणि घोडे थकलेले असतील, आणि जिंकलेली जमीन शेतीच्या उपयोगाची नसेल. बहुतेक मंत्री आनग्वोच्या बाजूला गेले आणि सम्राटानेही ते मानले.

दोनच वर्षांनी वांग ह्वे एक बेत घेऊन परत आला. बेत मायी शहरातील न्ये यी नावाच्या एका वजनदार गृहस्थाचा होता. आपण शहराच्या अधिकाऱ्यांना मारून शहर श्योंगनूंच्या स्वाधीन करतो, असे सांगून त्यांच्या राजाला आत ओढायचे आणि आसपासच्या दऱ्यांत दडवलेल्या सैन्याने त्याला गाठायचे. इ.स.पूर्व १३३ मधील या चर्चेचे विस्तृत वर्णन दोनशे वर्षांनंतरच्या बान गू या इतिहासकाराने दिले आहे. त्यातील शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले असतील असे मानण्याचे कारण नाही. युक्तिवादांची दिशा मात्र स्पष्ट आहे.

दोघांनीही एकच घटना पुरावा म्हणून वापरली: बायदेंगचा वेढा. आनग्वो म्हणाला, संस्थापक सम्राट सात दिवस उपाशी राहिला, तरी सुटल्यावर त्याने राग धरला नाही. स्वतःच्या संतापासाठी प्रजेला झिजवायचे नाही, हे त्याने जाणले. वांग ह्वे म्हणाला, त्याने सूड घेतला नाही तो प्रजेला विश्रांती हवी होती म्हणून. आता विश्रांती झाली आहे आणि सीमेवरून सैनिकांच्या शवपेट्या मात्र येतच आहेत. एकाच पराभवातून दोन विरुद्ध धडे. आनग्वोने पुढे असेही सुचवले की नफा दहापट असल्याखेरीज चालू व्यवसाय कोणी बदलत नाही, तेव्हा राज्याने का बदलावा? वांग ह्वेचे शेवटचे उत्तर व्यावहारिक होते: आपण त्यांच्या प्रदेशात जाणारच नाही, तेच आपल्या सापळ्यात येतील. सम्राटाला हवे होते तेच हे उत्तर होते.

तीन लाखांहून अधिक सैन्य मायीभोवती लपवण्यात आले. त्या सर्व सेनापतींवर देखरेख ठेवणारा प्रमुख म्हणून नेमणूक झाली ती हान आनग्वोची! ज्याने दोनदा विरोध केला, त्याच्याच हाती मोहीम. हान दरबारात हे अस्वाभाविक नव्हते. निर्णय होईपर्यंत वाद, नंतर आज्ञापालन.

श्योंगनूंचा राजा १,००,००० घोडेस्वार घेऊन निघाला. मायीपासून काही अंतरावर त्याला दिसले की कुरणांत जनावरे आहेत, पण गुराखी एकही नाही. तो थबकला. जवळच्या चौकीवर हल्ला करून त्याने एक हान अधिकारी पकडला, आणि त्या अधिकाऱ्याने जीव वाचवण्यासाठी सारा बेत सांगून टाकला. राजा मागे फिरला. लपलेल्या लाखो सैनिकांपैकी कोणालाही शत्रू दिसला नाही.

वांग ह्वेकडे वेगळी जबाबदारी होती: ३०,००० माणसांनिशी शत्रूच्या सामानसुमानावर मागून झडप घालायची. मुख्य फौज परत फिरल्याचे कळल्यावर त्याने हल्ला केला नाही. तीस हजार माणसे अकारण मेली असती, ती सम्राटासाठी वाचवली, अशी त्याची बाजू होती, आणि ती निव्वळ सबब वाटत नाही. महामंत्र्याला १,००० सुवर्णाची लाच देऊन, राजमातेमार्फत शब्द टाकूनही उपयोग झाला नाही. ज्याने या युद्धाचा प्रस्ताव पहिल्यांदा मांडला त्यालाच सोडले, तर जगाला काय तोंड दाखवायचे, असे सम्राटाचे म्हणणे पडले. वांग ह्वेने आत्महत्या केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निर्णय सम्राटाचा होता. दोष प्रस्ताव मांडणाऱ्याचा ठरला. दूतांच्या मस्तकांपासून हीच रीत चालत आली होती. तिचा एक परिणाम चांगला होता: युद्धाचा सल्ला देणाऱ्यालाही जोखीम होती. पण वू सम्राटाच्या पुढील कारकिर्दीत तराजू एकाच बाजूला झुकत गेला.

मायीनंतर शांतता संपली आणि चार दशके मोहिमा चालल्या. वेइ छिंग आणि ह्वो छ्यूबिंग या सेनापतींनी मोठे विजय मिळवले, हे नाकारता येत नाही. पण इ.स.पूर्व ११९ च्या मोहिमेत सीमेबाहेर गेलेल्या १,४०,००० घोड्यांपैकी ३०,००० हूनही कमी परतले. खजिना भरण्यासाठी मीठ आणि लोखंड यांवर सरकारी मक्तेदारी आली, व्यापाऱ्यांच्या मालमत्तेवर कर बसला, पदव्या विकल्या गेल्या.

याच सुमारास श्योंगनूंनी पुन्हा सोयरिकीची बोलणी काढली आणि दरबारात चर्चा झाली. दी शान नावाच्या पंडिताने शांततेची बाजू घेतली: बायदेंगपासूनचा इतिहास सांगितला, युद्धाने देश रिता झाल्याचे मांडले. सम्राटाने महानिरीक्षक जांग थांगचे मत विचारले. हा मूर्ख पुस्तकी पंडित आहे, त्याला काही कळत नाही, असे तो म्हणाला. दी शान उलटून बोलला: आपण मूर्ख असू, पण आपला मूर्खपणा निष्ठेचा आहे, जांग थांगची निष्ठा दिखाऊ आहे. सम्राटाचा चेहरा बदलला. एक प्रांत सांभाळून श्योंगनूंना रोखू शकशील काय, असे त्याने विचारले. दी शान नाही म्हणाला. एक तालुका? नाही. एक चौकी? आणखी एकदा नाही म्हटले तर आपल्याला न्यायाधिकाऱ्यांच्या हवाली करतील, हे ओळखून दी शान होय म्हणाला. त्याला सीमेवरील एका चौकीवर पाठवण्यात आले. महिनाभर उलटल्यावर श्योंगनू आले आणि त्याचे मस्तक कापून घेऊन गेले.

त्यानंतर दरबारी मंडळी भेदरून गेली, अशी नोंद सिमा छ्येन या इतिहासकाराने केली आहे. लढता न येणाऱ्याला शांततेबद्दल बोलण्याचा अधिकार नाही, ही ती कसोटी. आजही जगात कुठे ना कुठे ती लावली जातेच. पण लोखंडाची मक्तेदारी चालवणाऱ्याला किंवा जांग थांगला कोणी चौकी सांभाळायला पाठवले नाही.

सिमा छ्येन हे सारे दुरून लिहीत नव्हता. इ.स.पूर्व ९९ मध्ये ली लिंग हा सेनापती ५,००० पायदळ घेऊन श्योंगनूंच्या प्रदेशात गेला, प्रचंड घोडदळाशी लढला आणि अखेर शरण गेला. दरबाराने त्याचा निषेध केला. सम्राटाने मत विचारले तेव्हा सिमा छ्येनने ली लिंगच्या पराक्रमाची बाजू मांडली. सम्राटाला त्यात आपला आप्त सेनापती ली ग्वांगली याची निंदा ऐकू आली. सिमा छ्येनला खच्चीकरणाची शिक्षा झाली. ती भोगून, ग्रंथ पुरा करण्यासाठी तो जगला. बायदेंग, जी बू, वांग ह्वे, दी शान यांच्या हकिकती आपल्याला कळतात त्या प्रामुख्याने त्याच्याच लेखणीतून.

इ.स.पूर्व ९० मध्ये तोच ली ग्वांगली मोठी फौज घेऊन उत्तरेला गेला, हरला आणि शत्रूला जाऊन मिळाला. पुढल्या वर्षी अर्थकारणाचा सूत्रधार सांग होंगयांग आणि इतर मंत्र्यांनी पश्चिमेला, आजच्या शिनजियांगमधील लुनथाय येथे, लष्करी शेती वसवण्याचा प्रस्ताव मांडला. वृद्ध सम्राटाने तो फेटाळला आणि त्यासोबत एक आदेश काढला. सम्राटाला आपल्या साऱ्या धोरणाचा पश्चात्ताप झाला होता की हा नकार एका प्रस्तावापुरताच होता, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण त्या आदेशात निर्णय कसा झाला याचा जो तपशील आहे, तो अमूल्य आहे.

श्योंगनूंनी आपल्या घोड्यांचे पाय बांधून ते तटबंदीखाली टाकल्याचे एका सीमा-अधिकाऱ्याने कळवले होते. याचा अर्थ काय, असा प्रश्न मंत्र्यांपासून पंडितांपर्यंत अनेकांना विचारण्यात आला. शत्रू स्वतःच्याच घोड्यांना बांधतो हे अशुभ, म्हणजे त्याचा नाश जवळ, असे काहींनी सांगितले; शत्रू आपले बळ मिरवतो आहे आणि मिरवणाऱ्याकडे बळ कमीच असते, असे काहींनी. मग भविष्य पाहिले. ज्योतिषी, ढगांची लक्षणे वाचणारे, कासवाची कवचे पाहणारे, सर्वांनी शुभ कौल दिला. कोणता सेनापती पाठवावा हेही विचारले, तेव्हा ली ग्वांगलीच्या नावाला सर्वांत शुभ कौल आला. सम्राट आदेशात म्हणतो ते असे, की सारे तर्क आणि सारे कौल उलटे ठरले.

वू दिंगच्या हाडांवर ‘जाऊ नये’ असेही कोरलेले असे. वू सम्राटाने दी शानच्या नंतर माणसांना विचारले, कवचांना विचारले, ताऱ्यांना विचारले, आणि सगळीकडून त्याला हवे तेच उत्तर आले. यात आश्चर्य ते काय?

त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पूर्व ८१ मध्ये, साठांहून अधिक पंडितांना राजधानी छांगआनला बोलावून मीठ-लोखंडाच्या मक्तेदारीवर खुली चर्चा घडवण्यात आली. वरवर विषय कराचा होता, पण कर युद्धासाठी होता, त्यामुळे वाद युद्धावरच आला. सांग होंगयांगचे म्हणणे, मक्तेदारी उठवली तर सीमेवरच्या सैनिकाला अन्न-वस्त्र कुठून द्यायचे? पंडितांचे म्हणणे, सद्गुणाने राज्य केले तर शत्रू आपोआप नमतो. दुसरे उत्तर ऐकायला गोड आहे; पहिल्या प्रश्नाचे ते उत्तर मात्र नव्हे. फलित बेताचेच: मद्याची मक्तेदारी गेली, मीठ-लोखंडाची जवळजवळ तशीच राहिली. तरीही सत्ताधारी मंत्र्यासमोर पंडित एवढे बोलले आणि घरी परतले, हेही काही थोडे नव्हे.

या साऱ्या परंपरेतील सर्वांत देखणी युद्धचर्चा मात्र दरबारात झालीच नाही. ती पत्रांतून झाली, एका सत्तरी ओलांडलेल्या सेनापतीने केली.

इ.स.पूर्व ६१ मध्ये पश्चिम सीमेवर, आजच्या गान्सू-छिंगहाय भागात, छ्यांग टोळ्यांनी बंड केले. सम्राट श्वानने वृद्ध सेनापती जाओ छोंगग्वो याच्याकडे माणूस पाठवून विचारले: मोहिमेवर कोणाला पाठवावे? माझ्यापेक्षा योग्य कोणी नाही, असे म्हाताऱ्याने कळवले. किती सैन्य लागेल? यावर त्याचे उत्तर होते की लढाई दुरून मोजता येत नाही. आधी तिथे जाऊन पाहतो, नकाशा काढतो आणि मग बेत पाठवतो. शंभरदा ऐकण्यापेक्षा एकदा पाहणे बरे, ही चिनी म्हण याच उत्तरातून आली. बायदेंगच्या दूतांनीही पाहिले होते, पण दाखवलेले तेवढेच.

तिथे पोहोचल्यावर छोंगग्वोचे मत झाले की सगळ्या टोळ्या सारख्या नाहीत. एक टोळी मूळ बंडखोर. दुसऱ्या काही भीतीने तिच्याबरोबर गेल्या आहेत. त्यांच्यावर हल्ला केला तर त्या कायमच्या शत्रू होतील. छांगआनला हे पटेना. शिन वूश्येन या सीमाप्रांताच्या अधिकाऱ्याने झटपट हल्ल्याचा बेत पाठवला होता आणि दरबार त्याच्या बाजूने होता. सम्राटाने छोंगग्वोला कडक शब्दांत लिहिले: धान्य आणि चारा महाग झाला आहे, प्रजा वाहतुकीने पिचली आहे, हिवाळ्यात सैनिकांचे हातपाय गारठतील, तेव्हा तू वाट कसली पाहतोस? आज्ञा आलेली असतानाही छोंगग्वोने उलट निवेदन पाठवले. सम्राटाने या टप्प्यावर त्याचे मानले, आणि त्या दुसऱ्या टोळ्या खरोखरच न लढता वळल्या.

पुढे पुन्हा हल्ल्याची आज्ञा आली. या वेळी छोंगग्वोने घोडदळ परत पाठवून पायदळाला तिथेच शेती करू द्यावी असा प्रस्ताव पाठवला, आणि सोबत आकडे जोडले. आपल्या हाताखालच्या सैन्याला आणि जनावरांना महिन्याला १,९९,६३० हू धान्य, १,६९३ हू मीठ आणि २,५०,२८६ श चारा लागतो. (एक हू म्हणजे सुमारे २० लिटर, श हे वजनाचे माप.) त्याऐवजी १०,२८१ माणसे ठेवली, तर महिन्याला २७,३६३ हू धान्य आणि ३०८ हू मीठ पुरेल, जमीन पडीक आहे, पाणी आहे, बाकीचे ती पिकवतील. धान्याचा खर्च सातव्या हिश्श्यावर येतो. शत्रूला शेतात फिरकता येत नाही, त्यामुळे तो आपोआप फुटतो.

शेवटच्या हूपर्यंत मोजलेले हे आकडे वाचताना जाणवते की पंडितांना जे जमले नाही ते याने केले. त्याने सद्गुणाची भाषा वापरली नाही. सैनिकाला अन्न कुठून द्यायचे, या सांग होंगयांगच्या प्रश्नाचेच उत्तर दिले.

सम्राटाने उलट विचारले: मग शत्रूचा नाश नेमका कधी होणार? हिशेब करून कळव. छोंगग्वोने बारा फायदे लिहून पाठवले. सम्राटाने आणखी शंका काढल्या. त्याने आणखी उत्तर दिले. प्रत्येक निवेदन आले की सम्राट ते मंत्र्यांपुढे चर्चेला ठेवी. बान गूने त्याची मोजणी दिली आहे: पहिल्यांदा दहांपैकी तिघे छोंगग्वोच्या बाजूचे, मधल्या वेळी पाच, शेवटी आठ. आधी विरोध करणाऱ्यांना सम्राटाने जाब विचारला तेव्हा त्यांनी मस्तक टेकवले. महामंत्री वेइ श्यांग याने तर सरळ मान्य केले की लष्करी बाबतीत आपल्याला गती नाही आणि सेनापतीचे अंदाज पुन्हा पुन्हा खरे ठरले आहेत. दी शानला जे दिले गेले नाही ते छोंगग्वोला मिळाले: पुन्हा लिहिण्याची संधी.

सम्राटाने तरी शिन वूश्येन आणि इतरांना हल्ल्याची परवानगी दिलीच. दोन्ही बेत एकदम चालवले. त्यांनी काही हजार माणसे मारली, काही हजार शरण आणली. छोंगग्वोला न लढता पाच हजारांहून अधिक शरण आले. पुढल्या वर्षी, इ.स.पूर्व ६० मध्ये, त्याने बंड संपल्याचे कळवले आणि शेतीचा तळ उठवला.

हे सर्व चालू असताना त्याचा मुलगा जाओ आंग त्याच मोहिमेत होता. बाप सम्राटाची आज्ञा परतवून लावतो आहे, हे पाहून त्याने माणूस पाठवून विनवले: नफा-तोटा काहीही असो, वाद कशाला घालायचा? उद्या सम्राटाची मर्जी फिरली, चौकशी अधिकारी आले, तर तुमचा स्वतःचाच जीव वाचणार नाही, मग राज्याच्या सुरक्षिततेचे काय? म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. सीमेवर धान्य हूला आठ नाणी होते तेव्हाच वीस लाख हू भरून ठेवा, असे आपण सांगितले होते. मागितले गेले दहा लाख आणि मिळाले चार लाख. ऐकले असते तर बंडच झाले नसते, असे तो म्हणाला आणि आपल्या मतावर ठाम राहिला.

राजधानीत परतताना एका स्नेह्याने सुचवले की विजयाचे श्रेय हल्ला करणाऱ्या सेनापतींना द्यावे, म्हणजे सगळेच खूश राहतील. छोंगग्वोने नकार दिला. युद्धाचा प्रश्न राज्याचा सर्वांत मोठा प्रश्न, पुढच्यांनी यावरून शिकायचे. आपण म्हातारे झालो, आता सम्राटाला खरे सांगायचे नाही तर कधी? त्याने सम्राटाला जसे घडले तसे सांगितले. सम्राटाने ते मानले आणि शिन वूश्येनची सेनापतिपदावरून जुन्या जागी रवानगी केली.

वूश्येनने हे विसरले नाही. मोहिमेत असताना आंगने गप्पांच्या ओघात त्याला दरबारातील एक जुनी, गुप्त राहायला हवी अशी गोष्ट सांगितली होती. ती त्याने आता लिहून कळवली. गुपित फोडल्याच्या आरोपावरून आंगला अटक झाली आणि त्याने आत्महत्या केली. बापाला गप्प राहण्याचा सल्ला देणारा तो मुलगा होता.

छोंगग्वो निवृत्त झाला. सीमेवरील युद्धाचा मोठा प्रश्न आला की दरबार त्याचे मत विचारत असे, आणि तो ते देत असे. इ.स.पूर्व ५२ मध्ये, ८६ व्या वर्षी, तो वारला.